कोरमंगला : आठ ब्लॉकांची वस्ती आणि तिच्या वाटा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगून गेले. आजच्या महानगरात घर बांधण्याचा योग क्वचितच येतो. घर शोधावे लागते, आणि शोधताना चार भिंतींइतकाच त्या घरापर्यंत पोहोचणाऱ्या वाटेचाही विचार करावा लागतो. पुणे, नागपूर, कोल्हापूर, सांगली येथून नोकरीनिमित्त बंगळुरूला गेलेल्या मराठी तरुण-तरुणींना हा धडा पहिल्या काही महिन्यांतच मिळतो. त्यांच्या बोलण्यात हमखास येणारे एक नाव म्हणजे कोरमंगला. ही वस्ती कशी घडली आणि तिच्या दळणवळणाची स्थिती काय आहे, हे जाणून घेणे गृहकर्जाच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला उद्बोधक ठरावे.

गावाची झाली वसाहत

बंगळुरू मराठी माणसाला तसे परके नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने ते जिंकल्यावर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि पुढे जवळजवळ अर्धशतक भोसले घराण्याकडे राहिले. त्या काळी कोरमंगला हे कोटाबाहेरचे एक खेडे होते. शहराचे संस्थापक केंपेगौडा यांच्या सुनेची, लक्ष्मीदेवीची कथा या गावाशी जोडलेली आहे. कोटाचा दरवाजा वारंवार ढासळू लागला, तेव्हा तिने स्वतःचे बलिदान दिले अशी लोककथा असून तिचे स्मारक आजही कोरमंगल्यात दाखविले जाते.

विसाव्या शतकात या परिसरात प्रथम संस्था आल्या. होसूर रस्त्यालगतच्या दुग्धसंशोधन संस्थेचा प्रारंभ १९२३ सालचा. १९२७ मध्ये बंगळुरूच्या मुक्कामात महात्मा गांधींनी तेथे गोपालनाची माहिती करून घेतली होती. पुढे १९६३ साली सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय व १९६६ साली ज्योती निवास हे महिला महाविद्यालय स्थापन झाले. १९७६ मध्ये बंगळुरू विकास प्राधिकरण अस्तित्वात आल्यानंतर येथील भूखंडांच्या आखणीला वेग आला आणि आठ ब्लॉकांची नियोजनबद्ध वसाहत आकाराला आली.

या आखणीतच कोरमंगल्याचा स्वभाव दडलेला आहे. रुंद मुख्य रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते, दुतर्फा वृक्षराजी आणि ब्लॉकागणिक उद्याने यांमुळे शाळा, दवाखाना, वाणसामान व बँक या नित्याच्या गरजा पायी भागविता याव्यात अशी सोय झाली. आजही सकाळच्या वेळी आतल्या रस्त्यांवरून फिरताना महानगराचा विसर पडावा इतकी शांतता लाभते.

दोन टोकांच्या मध्ये

या शांत वसाहतीकडे उद्योगाचे लक्ष वेधले गेले ते तिच्या स्थानामुळे. एका बाजूला एचएएल विमानतळ अवघ्या काही किलोमीटरांवर, तर दक्षिणेला होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी. या दोन टोकांच्या मध्ये राहणे आणि कार्यालय थाटणे दोन्ही सोयीचे होते.

बंगळुरूच्या या भरभराटीची काही बीजे महाराष्ट्राच्या मातीत रुजली होती, याचे स्मरण येथे करायला हवे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला आली. 'विप्रो पार्क' या नावाने कोरमंगल्यातील एक चौक ओळखला जातो. त्या विप्रोचा उगम तर १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाला. २००७ मध्ये दोन तरुणांनी कोरमंगल्यातील एका सदनिकेतून पुस्तकविक्रीचे संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे फ्लिपकार्ट या नावाने देशभर पोहोचले आणि नवउद्योजकांची रीघ येथे लागली. त्याआधी २००४ मध्ये फोरम मॉल (आजचे नाव नेक्सस) उघडला होता. बंगल्यांची उपाहारगृहे झाली, तळमजल्यांवर कार्यालये आली. पायी चालण्यासाठी आखलेल्या गल्ल्यांत वाहने उभी करण्यास जागा उरेना.

वाटा काठावरच्या

आणि येथेच या वस्तीचा खरा पेच आहे. जलद वाहतुकीची साधने कोरमंगल्याच्या आसपास आली, परंतु अंतर्भागात आली नाहीत. मे २००८ मध्ये नवा विमानतळ देवनहळ्ळीला सुरू झाला आणि जो विमानतळ हाकेच्या अंतरावर होता तो सुमारे ४० किलोमीटर दूर गेला. २०१० साली सिल्क बोर्ड ते इलेक्ट्रॉनिक सिटी हा उन्नत महामार्ग खुला झाला, परंतु त्याचा आरंभ सिल्क बोर्ड चौकापासून, म्हणजे ज्या चौकाची कोंडी देशभर गाजली तेथूनच होतो.

केंद्रीय सदन ते इजिपुरा या सुमारे अडीच किलोमीटरांच्या उड्डाणपुलाची कहाणी याहून बोलकी आहे. सोनी वर्ल्डसह अनेक चौक ओलांडून नेणाऱ्या या पुलाचे काम २०१७ मध्ये सुरू झाले. मुदती उलटल्या, २०२२ मध्ये कंत्राट रद्द झाले आणि २०२३ च्या अखेरीस नव्या कंत्राटदाराकडून काम पुन्हा हाती घेण्यात आले. मधल्या काळात उघड्या खांबांच्या दोन्ही बाजूंचे दुकानदार आणि रहिवासी यांनी धूळ, वळणरस्ते आणि खोळंबा सोसला.

शहरात मेट्रो २०११ मध्ये धावू लागली. कोरमंगल्याच्या वेशीपर्यंत ती पोहोचण्यास मात्र ऑगस्ट २०२५ उजाडले. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा सुमारे १९ किलोमीटरांचा पिवळा मार्ग सिल्क बोर्डावरून जातो. त्याच मार्गाखाली रागीगुड्डा ते सिल्क बोर्ड हा दुमजली पूल २०२४ पासून खुला होऊ लागला. नागपूरकरांना वर्धा मार्गावरील अशाच पुलाची आठवण व्हावी. पश्चिमेस गुलाबी मार्ग डेअरी सर्कलखालून भुयारातून जातो. प्रत्यक्ष कोरमंगल्यात स्थानके योजिलेल्या सर्जापूर ते हेब्बाळ या सुमारे ३७ किलोमीटरांच्या मार्गास राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये संमती दिली. परंतु संमती ते प्रवास हा पल्ला किती लांबतो, हे इजिपुरा पुलाने दाखविलेच आहे. तोवर मेट्रो स्थानक ते घर हे शेवटचे दोन-तीन किलोमीटर बस, रिक्षा अथवा पायी पार करणे अटळ आहे.

हिशेब किलोमीटरांचा नव्हे, मिनिटांचा

घर घेणाऱ्याने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, अंतर मिनिटांत मोजावे. जाता-येता प्रत्येकी ४५ मिनिटे जादा लागली, तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ३३ तास खर्ची पडतात. आठ तासांचा एक दिवस धरल्यास हे चार दिवसांहून अधिक झाले. मासिक हप्ता काढताना या तासांची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. कुटुंबाला मात्र ते रोज द्यावे लागतात.

दुसरी गोष्ट, माहितीपत्रकातील 'नियोजित स्थानक' आणि आज उघडे असलेले स्थानक यांत फरक करावा. गृहकर्ज वीस वर्षांचे असते. तिसऱ्या वर्षी मेट्रो येईल या भरवशावर चढा दर मोजला आणि ती दहाव्या वर्षी आली, तर मधल्या सात वर्षांचे व्याज व इंधन दोन्ही ग्राहकाच्याच खिशातून जाते. जो दुवा आज सुरू आहे त्यावर घराचा निर्णय घ्यावा आणि उद्याचा दुवा लाभला तर तो बोनस मानावा.

तिसरी गोष्ट, सौदा करण्यापूर्वी सकाळी नऊ व सायंकाळी सहा वाजता त्या वाटेने स्वतः प्रवास करावा, आणि शक्य तर एकदा भर पावसात. कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातील पाणी याच बाजूने वाहते. चौथ्या ब्लॉकमधील एस. टी. बेड हा सखल भाग मोठ्या पावसात अनेकदा जलमय झाला आहे. नकाशावर उतार दिसत नाही, पाण्याला तो बरोबर सापडतो.

कोरमंगल्याने आपल्या रहिवाशांना पायी चालण्याजोगे जग दिले. शहराने त्या जगाभोवती मोटारींचा वेढा घातला. उद्या मेट्रोचे स्थानक आतवर आले, तर हा वेढा कदाचित सैल होईल. तोवर, ज्याला कार्यालयही याच आठ ब्लॉकांत लाभले तो खरा भाग्यवान. इतरांनी घराची किल्ली हाती घेण्यापूर्वी घराची वाट एकदा चालून पाहावी, हे उत्तम.