मद्यपान, अल्पवयीनांचे

मद्य विकत घेण्याची वा पिण्याची मुभा कायद्याने ज्या वयापासून दिली जाते, त्यापूर्वी केलेले मद्यपान. हे वय निरनिराळ्या प्रदेशांत वेगवेगळे आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखालील नियमांनुसार बीअरसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षे, तर देशी दारू व तीव्र मद्य यांसाठी २५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसच परवाना मिळू शकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९८४ च्या कायद्याने २१ वर्षांची मर्यादा देशभर लागू होईल अशी व्यवस्था केली. वैद्यक मात्र कायद्यातील आकड्यापेक्षा शरीराच्या व मेंदूच्या वाढीकडे पाहते. त्यामुळे प्रस्तुत विवेचनात मुख्यतः किशोरवयातील मद्यपानाचा विचार केला आहे.

अल्पवयीनांच्या हाती मद्य कसे पडते, हे त्या त्या प्रदेशातील उत्पादनावर व चालीरीतींवर अवलंबून असते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा मालवण–वेंगुर्ले किनारा आणि त्यालगतचा गोवा हे याचे बोलके उदाहरण होय. येथे माडाच्या पोयीतून पाझरणारा रस ताजा असताना गोड व जवळजवळ मद्यार्करहित असतो. परंतु काही तासांतच किण्वन होऊन त्याची माडी बनते व तीत ४ ते ६ टक्के मद्यार्क तयार होतो. सकाळची गोड चव माहीत असलेल्या मुलास दुपारची माडीही तितकीच निरुपद्रवी वाटते. काजूच्या बोंडांच्या रसाचे एकवार ऊर्ध्वपातन करून मिळणाऱ्या हुर्राकात सुमारे १५ टक्के, तर पुन्हा ऊर्ध्वपातन केलेल्या फेणीत ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असतो. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे असा असल्याने हुर्राकाचे दिवस आणि शाळांची उन्हाळी सुटी एकत्रच येतात. लिंबाच्या शीतपेयात मिसळलेले हुर्राक सरबतासारखे लागते व त्याच्या तीव्रतेचा अंदाज पिणाऱ्यास येत नाही. गोव्यात मद्यावरील कर कमी असल्याने ते तेथे स्वस्त मिळते आणि सावंतवाडी, दोडामार्ग हे तालुके थेट गोव्याच्या सीमेवर आहेत. बांद्याजवळील इन्सुली येथील तपासणी नाक्यावर चोरट्या मद्यवाहतुकीविरुद्ध कारवाया वारंवार होतात. शिवाय कोकणात काही ठिकाणी राखणदारास दारूचा नैवेद्य दाखविण्याची रूढी आहे. थोडक्यात, घरच्या वडीलधाऱ्यांच्या देखतच मुलांचा मद्याशी परिचय होतो. ‘औषधापुरती’ म्हणून सर्दीपडशावर मुलांना चमचाभर फेणी पाजण्याच्या समजुतीस वैद्यकीय आधार मुळीच नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वर्षे वयोगटातील १.३ टक्के, म्हणजे अंदाजे ३० लक्ष मुले मद्य घेत असल्याचे आढळले. प्रौढांत हे प्रमाण १७.१ टक्के होते. मुलांचा आकडा वरकरणी लहान दिसतो. परंतु लाजेने वा भीतीने खरे न सांगण्याची प्रवृत्ती याच वयात अधिक असते, हे तो वाचताना ध्यानात ठेवावे लागते. या दृष्टीने उत्तर गोव्यातील १,८९९ पुरुषांची पाहणी अधिक उद्बोधक आहे. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५६ ते १९६० या काळात जन्मलेल्या पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांनी किशोरवयात मद्यपानास प्रारंभ केला होता. १९८१ ते १९८५ मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण ७४.३ टक्क्यांवर गेले. म्हणजे एका पिढीच्या अंतराने अपवादाचे रूपांतर प्रघातात झाले. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत पुढे मद्यावलंबन, मद्यामुळे होणाऱ्या इजा आणि मानसिक व्यथा यांचे प्रमाणही जास्त होते. अमेरिकेतील १९९७ च्या एका विश्लेषणातही चौदाव्या वर्षापर्यंत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हातरी मद्यावलंबी झाल्याचे, तर विसाव्या वर्षानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के असल्याचे दिसले. लवकर पिऊ लागणाऱ्यांच्या घरची परिस्थिती व आनुवंशिकता यांचाही यात वाटा असतो. त्यामुळे हा सर्व फरक केवळ वयाचा मानता येत नाही. (→ मद्यासक्ति).

मद्यार्क शरीरातील पाण्यात पसरतो. त्यामुळे देह जितका लहान, तितके त्याचे रक्तातील प्रमाण अधिक. ६० मिलि. फेणीत सुमारे २० ग्रॅ. मद्यार्क असतो. तो ७५ किग्रॅ. वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या रक्तात दर १०० मिलि.स सुमारे ४० मिग्रॅ. पातळी निर्माण करतो, ४५ किग्रॅ. वजनाच्या मुलात मात्र ती सुमारे ६५ मिग्रॅ.पर्यंत जाते. वाहन चालविण्यासाठी भारतात ठरविलेली कमाल मर्यादा ३० मिग्रॅ. आहे. यकृत हा मद्यार्क ताशी साधारण ७ ते १० ग्रॅ. या वेगानेच निकामी करते. ताक, लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

तीव्र विषबाधेत बोलणे अडखळते, तोल जातो, उलट्या होतात व पुढे शुद्ध हरपते. श्वसन मंदावून मृत्यूही ओढवतो. मुलांत आणखी एक धोका असतो. त्यांच्या यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा अल्प असतो व नवे ग्लुकोज तयार करण्याच्या क्रियेस मद्यार्क अटकाव करतो. परिणामी रक्तातील ग्लुकोज झपाट्याने घटून झटके येतात. उपाशी पोटी हे अधिक घडते. मद्य पिऊन बेशुद्ध झालेल्या मुलास ‘झोपून उतरेल’ म्हणून एकटे सोडणे घातक ठरते, कारण जठरातील उरलेले मद्य शोषले जात असल्याने रक्तातील पातळी त्यानंतरही काही काळ वाढतच राहते. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यास कुशीवर निजवून तातडीने रुग्णालयात न्यावे. मुद्दाम उलटी करवू नये. बेकायदा गाळलेल्या दारूत मेथिल अल्कोहॉल असल्यास त्यापासून शरीरात फॉर्मिक अम्ल बनते व दृक्‌तंत्रिका निकामी होऊन अंधत्व येते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाड–मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले.

पोहता येणाऱ्यांच्या बुडण्यामागेही पुष्कळदा मद्य असते. तारकर्ली, देवबाग यांसारख्या किनाऱ्यांवर पर्यटन वाढले आहे, म्हणून येथे त्याचा उल्लेख आवश्यक आहे. मद्यामुळे ओहोटीच्या ओढीचा अंदाज चुकतो, स्नायूंचा मेळ बिघडतो व पाण्यात शरीर लवकर गारठते.

दीर्घकालीन परिणामांत मेंदूवरील परिणाम सर्वांत महत्त्वाचा होय. मानवी मेंदूची घडण साधारणपणे पंचविशीपर्यंत चालू असते व सर्वांत शेवटी परिपक्व होतो तो कपाळामागचा भाग, म्हणजेच आवेगांना आवर घालणारा व परिणामांचा विचार करणारा भाग. सुखसंवेदनेशी निगडित असलेली केंद्रे मात्र त्याआधीच क्रियाशील झालेली असतात. त्यामुळे किशोरास मद्याची गोडी चटकन लागते व ती रोखणारी यंत्रणा अपुरी असते. एका बैठकीत भरमसाट पिणाऱ्या किशोरांच्या स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅंपस या भागाचे आकारमान कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अभ्यासात घसरण, झोपेच्या तक्रारी, विषण्णता व आत्महत्येची प्रवृत्ती यांच्याशी या वयातील मद्यपानाचा निकट संबंध आहे. मात्र विषण्ण मूल मद्याकडे वळते, की मद्याने ते विषण्ण होते, हे प्रत्येक बाबतीत तपासून पाहावे लागते. यकृताचा सूत्रण रोग वा कर्करोग ही प्रौढपणीची फळे होत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याचा समावेश १९८८ मध्येच निश्चित कर्कजनकांत केला असून, मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय कारणाशिवाय बालकास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मद्याची विक्री वा चोरटी वाहतूक बालकाकडून करवून घेणाऱ्यास कलम ७८ अन्वये अशीच शिक्षा आहे. सीमाभागात हे कलम विशेष महत्त्वाचे ठरते. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे १७ वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचे सांगण्यात आलेल्या मोटारगाडीने दोघांचा बळी घेतला. त्या वेळी तो मद्य प्यालेला होता, असा आरोप झाला आणि अल्पवयीनांना मद्य पुरविणाऱ्या उपाहारगृहांचा प्रश्न राज्यभर चर्चेस आला. कायदा कडक असला, तरी तो दुकानाच्या फळीपाशी थांबतो. घरातील बाटलीपर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

उपचारांत मुलास दोषी न ठरविता एकांतात विचारपूस करणे ही पहिली पायरी होय. व्यसन जडलेले नसल्यास समुपदेशनाच्या थोड्या बैठकी पुष्कळदा पुरेशा होतात. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून प्रशिक्षित बिगरवैद्यक समुपदेशकांनी केलेल्या अशा उपचाराचा प्रौढ पुरुषांना उपयोग झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. अवलंबन असल्यास मद्य एकाएकी तोडल्याने कंप व झटके येऊ शकतात, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखाली सोडवावे लागते. महाराष्ट्रात १९८६ मध्ये पुण्यात स्थापन झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही उपचारांत सामावून घेते. केंद्र शासनाने व्यसनमुक्तीविषयक मार्गदर्शनासाठी १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध करून दिला आहे.