दूरध्वनीच्या वाटा किती असाव्यात?

फोन उचलला की आपल्या एकट्यासाठी एक वाट थेट पलीकडच्या गावापर्यंत राखून ठेवलेली असते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. लग्नाची मोठी पातेली घरोघर नसतात. गल्लीत एक संच असतो आणि तो सर्वांना पुरतो. कारण सर्वांच्या घरची कार्ये एकाच मुहूर्तावर निघत नाहीत. दूरध्वनीच्या वाटाही अशाच सामाईक असतात.

मग त्या किती ठेवाव्यात? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने याचा शोध घेतला. त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा. किती जणांना वाट मिळणार नाही हे सांगणारे सूत्र १९१७ सालचे.

असे समजा की, तासाला ६० जण फोन करतात आणि प्रत्येक जण सरासरी ३ मिनिटे बोलतो. एकूण बोलणे झाले १८० मिनिटांचे, म्हणजे ३ वाटांचे काम. पण लोक काही रांगेने फोन करीत नाहीत. म्हणून ३ वाटा ठेवल्या तर सुमारे एकतृतीयांश फोन लागत नाहीत. ८ ठेवल्या तर शंभरात एकही धड अडत नाही. आता वाटा ८च ठेवा आणि फोन दुप्पट होऊ द्या. अडणारे फोन शंभरात १२ होतात! भार दुप्पट, पण अडचण मात्र बारा पटींहून अधिक.

पंचगंगेला २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी कितीतरी वर गेले. अशा वेळी घरोघरचे कार्य एकाच मुहूर्तावर निघते. प्रत्येकाला आपल्या माणसाची खुशाली हवी असते. त्यात एखाद्या मनोऱ्याची वीज गेली, की त्याचा भार शेजारच्यावर पडतो. फोन न लागलेला मनुष्य स्वस्थ बसत नाही. तो पुन्हा पुन्हा लावतो आणि गर्दीत भर घालतो.

हीच गोष्ट संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या तरुणांनी ध्यानी घ्यावी. निरोप पोहोचला नाही की तत्क्षणी पुन्हा पाठवणारी आज्ञावली, हजारो फोनांत शिरली की, अधीर जमावासारखी वागते. तिने आधी १ सेकंद थांबावे, मग २, मग ४, मग ८. शिवाय प्रत्येक फोनचे थांबणे थोडे कमीजास्त असावे, म्हणजे सारे एकदम दारावर येणार नाहीत.

आपणही पुराच्या दिवसांत एवढे करावे : खुशाली दोन शब्दांच्या संदेशाने कळवावी, त्याला जागा फार थोडी लागते. बोलण्याची वाट माडीवर अडकलेल्या माणसासाठी मोकळी ठेवावी. त्याचा ११२ला केलेला फोन लागणे, हे काही अंशी आपल्या संयमावरही अवलंबून असते.