व्हायलमधले लाल जेल

कोळंबीच्या टरफलांतील कायटिनापासून सिद्ध होणारे कायटोसान सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळले, आणि डेक्स्ट्रान या शर्करासाखळीची वलये सोडियम परआयोडेटने उघडून तीवर अल्डिहाइडचे गट निर्माण झाले, की पूर्वतयारी संपते. बेलापूरनजीकच्या एका प्रयोगशाळेत ही दोन द्रावणे एकत्र होताना मी पाहिली. संशोधक विद्यार्थिनी व्हायल पुनःपुन्हा तिरपी करून पाहत होती, आणि अखेर ती पालथी धरूनही आतील पदार्थ जागचा हलेना, तेव्हा "मॅडम, जेल सेट झालं," असे म्हणून तिने नोंदवहीत वेळ टिपली.

या जेलची चकती पात्याने दुभागून दोन्ही भाग एकमेकांस टेकवून ठेवले, तर काही वेळाने ती चिमट्याने एका टोकास धरून उचलता येते. कारण कायटोसानवरील अमाइन व डेक्स्ट्रानवरील अल्डिहाइड यांमधील इमाइन-बंध जसा तुटतो तसा पुन्हा जुळतोही. सिरिंजच्या दट्ट्याखाली सुईतून वाहणे आणि बाहेर पडताच पुन्हा घट्ट होणे, हे याच गुणाचे फळ. १९६० साली विख्टरले आणि लिम या चेक रसायनज्ञांनी ज्या जलजेलांचा पुरस्कार केला आणि ज्यांतून पुढे मऊ काँटॅक्ट लेन्स निघाली, त्यांच्याच कुळातले हे.

मला मात्र खरे मोल वाटले ते पुढच्या संथ कामाचे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील तांबडे औषध भरलेले जेल ३७ अंश सेल्सिअसला, एकदा रक्तासारख्या ७.४ आणि एकदा अर्बुदाभोवती आढळणाऱ्या ६.५ च्या आसपासच्या सामूच्या बफरमध्ये ठेवायचे. ठरल्या वेळी सॅम्पल काढून तेवढाच ताजा बफर घालायचा आणि सुटलेल्या औषधाची मात्रा वर्णपटमापकावर ४८० नॅनोमीटरला वाचायची. आम्लतेत इमाइन-बंध सैल होतात, म्हणून दुसऱ्या भांड्यात रंग लवकर उतरावा, अशी अपेक्षा.

ही दक्षता अनाठायी नव्हे. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग रुग्णालयांत हे औषध शिरेतून देताना सुईभोवतालच्या त्वचेवर नजर ठेवावी लागते, कारण शिरेबाहेर झिरपल्यास ते ऊतींना गंभीर इजा करते. आणि जेलद्वारे तर ते मुद्दामच शिरेबाहेर ठेवण्याची तजवीज चालली आहे. म्हणून टोचताक्षणीच बहुतेक औषध ओतून मोकळे होणारे जेल, त्याची चकती कितीही सुबक सांधली गेली, तरी रुग्णासाठी अपात्रच ठरवले पाहिजे.