जाळी बसली, पुढे काय?

छत्रपती संभाजीनगरात एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर घटकाभर बसले, की सिल्लोड, कन्नड, पैठणकडची माणसे भेटतात. ‘मागच्या वर्षी जाळी टाकली’, असे ती सुटकेच्या सुरात सांगतात. जाळी टाकली म्हणजे दुखणे मिटले, हा समज कितपत खरा?

१९७७ साली झुरिकमध्ये आन्द्रेआस ग्रुन्टझिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी इवल्याशा फुग्याने रुंद केली. पण अनेकांची वाहिनी काही महिन्यांतच पुन्हा आकसे. म्हणून १९८६ पासून तिला आतून आधार देणारी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आली. तेव्हा नवेच संकट उभे राहिले. जखम भरताना वाहिनीच्या भिंतीतील पेशी बेसुमार वाढत आणि वाट पुन्हा बुजे.

उपाय सापडला तो पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटाच्या मातीत. तिच्यातील जिवाणूपासून सिरोलिमस हे द्रव्य वेगळे करण्यात सुरेंद्र सहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ अग्रभागी होते. पेशींची वाढ रोखणाऱ्या या औषधाचा लेप दिलेली जाळी १९९९ साली ब्राझीलमध्ये एदुआर्दो सूझा यांनी प्रथम रुग्णाला बसवली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॅव्हेल’ चाचणीत सहा महिन्यांनंतर साध्या जाळीच्या २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती. लेपाच्या जाळीत एकाचीही नाही.

प्रश्न होता किमतीचा. लाखाच्या पुढे जाणाऱ्या या जाळीची कमाल किंमत केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपये ठरवली. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबासाठी हा फरक शेत गहाण पडण्या-न पडण्याचा होता.

मात्र जो लेप पेशींची वाढ रोखतो, तोच जखम भरणेही लांबवतो. उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घ्याव्या लागतात. झटक्यानंतर बहुधा वर्षभर. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते.

शिवाय, ऐन झटक्यात जाळी प्राण वाचवते, पण स्थिर दुखण्यात तिने मृत्यू टळत नाहीत, असे २००७ च्या ‘करेज’ चाचणीने दाखवले. जाळी एक जागा मोकळी करते. रोग सगळ्याच वाहिन्यांत असतो. तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, हे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.