पटाशीला नवी मूठ

दिवाळीची आवराआवर निघाली, की माळ्यावरून एक गोणपाटाचं बोचकं हमखास खाली येतं. सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची हत्यारं! पटाशी, किकरं, वाकस, गिरमिट. मुठी तडकलेल्या, पात्यांवर तांबेरा. "उगाच जागा अडवतंय," म्हणून ते बोचकं थेट भंगारवाल्याच्या तराजूत जातं. मैत्रिणींनो, त्याआधी जरा थांबा. एक साधी गोष्ट लक्षात घ्या. मोडलेली असते ती मूठ, पोलाद नव्हे. पटाशीचा जीव पात्यात असतो. लोहाराने घडवून पाणी दिलेलं पातं नुसतं गंजलं म्हणून वाया जात नाही. घासून, धार लावून ते पुन्हा कामाला येतं. मूठ बदलायचीच असते.

आपल्या जुन्नर-आंबेगावला तर या हत्यारांचं अप्रूप असायला हवं. लेण्याद्रीचा डोंगर छिन्नी-हातोड्यानेच कोरला गेला. जुन्नरच्या लेण्यांतल्या प्राचीन शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा, म्हणजे त्या काळच्या कारागीर संघांचा उल्लेख आहे. पुढे गावगाड्यात सुतार-लोहार बलुतेदार झाले. नांगर, कुळव, दाराची चौकट, पाळणा सगळं त्यांच्या हातून व्हायचं. आता ट्रॅक्टर आले, लोखंडी चौकटी आल्या, आणि गावागावांत सुताराचा नेट थंडावला.

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींचे यजमान सुतारकाम करायचे. ते गेल्यावर हत्यारांची पेटी तशीच पडून होती. भंगारवाला किलोचा भाव सांगून दारात उभा राहिला, तेव्हा सासूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "यावर चार पोरं वाढवलीत मी. लोखंडाच्या भावानं नाही द्यायची." वहिनींनी मग गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारबाबांना गाठलं आणि मूठ बसवायची कशी, ते शिकून घेतलं. ती कृती इथे देते.

आधी लाकूड निवडा. मुठीसाठी बाभूळ चांगली. चिवट असते, हातोडीचा मार सोसते. धामणही उत्तम, कुऱ्हाडीचे दांडे तिचेच करतात. मोडक्या बैलगाडीच्या चाकाचा बाभळीचा आरा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण तो वर्षानुवर्षं सुकलेला असतो. ओलं लाकूड नको, ते सुकताना आकसतं आणि मूठ ढिली होते. गाठ नसावी, रेषा सरळ लांबीत असाव्यात. आणि एक सांगते, त्यासाठी जंगलात कुऱ्हाड नेऊ नका. भीमाशंकरचं रान 1985 पासून अभयारण्य आहे.

पात्याच्या धारेवर जाड कापड गुंडाळा, मगच कामाला लागा. जुनी मूठ उभी चिरून काढा. आत पात्याची निमुळती शेपटी दिसेल. तिचा गंज कानशीने घासा. नव्या लाकडाला बरोबर मधोमध भोक पाडा. शेपटी निमुळती असते, म्हणून तोंडाशी भोक जरा मोठं आणि आत बारीक हवं. हाताने दाबल्यावर शेपटी बोटभर बाहेर राहिली, म्हणजे माप जमलं.

आता शेंबी. पितळी किंवा लोखंडी पाइपचा बोटभर तुकडा मुठीच्या तोंडावर घट्ट ठोकून बसवायचा. ही शेंबी नसेल तर पहिल्याच जोरदार घावाला लाकूड फाटतं.

पातं ठोकून बसवायची युक्ती तर गमतीची आहे. मूठ हातात उभी धरायची, पातं खाली अधांतरी लोंबतं ठेवायचं, आणि मुठीच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके द्यायचे. पातं आपोआप वर चढत जातं! खाली गोणपाट अंथरा, पाय बाजूला ठेवा. काहीजण शेपटी तापवून आत घालतात. तसं करायचंच तर पात्याला ओलं फडकं गुंडाळा. धारेपर्यंत आच गेली तर पोलादाचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही.

शेवटी पॉलिश पेपरने घासून जवसाचं तेल लावा. खोबरेल नको, ते सुकत नाही. तेलाची फडकी मात्र बोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवा.

दांडा ढिला झाला की कुदळ रात्रभर पाण्यात घालायची, ही आपली जुनी सवय. लाकूड फुगतं, दोन दिवस काम भागतं. पण फुगलेले तंतू आतल्या आत चेंगरतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त हलतो. वेळीच दुसरा बसवलेला बरा.

हे सारं शिकण्यात आपला स्वार्थही आहे बरं का! बाजारातल्या खुरप्याची, विळ्याची मूठ आपल्या तळहाताचं माप घेऊन कुणी केलेली नसते. जाड मूठ दिवसभर आवळून धरली की संध्याकाळी बोटं मिटत नाहीत, आणि आपण ते वयावर ढकलतो. मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळव्याकडे वळून अंगठ्यापाशी यायला हवीत. तसं माप घ्या आणि घासून बारीक करा. पटाशीची मूठ जमली, तिला खुरप्याची काय अवघड?

ज्यांना हे काम पुढे न्यायचं आहे, त्यांच्यासाठी सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. सुतार, लोहार धरून 18 व्यवसाय त्यात येतात. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो. आणि तो एक माणूस पुरुषच हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

वहिनींकडे आता निंदणीच्या दिवसांत शेजारच्या बायका खुरपी घेऊन येतात. हातात पटाशी धरलेली बाई पाहून सुरुवातीला पोरं हसायची. हल्ली त्यांच्याच आया रांगेत असतात. सासूबाई ओट्यावर बसून कुणाचं खुरपं कुठलं, त्याचा हिशेब ठेवतात.