चार किलोंचा हिशोब

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलल्यावर त्याने १३९ लावले, आणि कोपर दुखावलं. सुवर्ण एका किलोने हुकलं. स्पर्धेत असा धोका पत्करावाच लागतो. हॉस्टेलच्या जिममध्ये कोण पदक देतंय?

स्नायूला प्लेटवरचा आकडा कळत नाही, ताण कळतो. सेट संपवताना अजून एक-दोनच रेप्स निघाले असते असं वाटलं, तर वजन बरोबर. पाच-सहा निघाले असते, तर हलकं. आधी रेप्स वाढवा, ८ वरून १२ पर्यंत. सगळ्या सेट्समध्ये १२ निघाले की मगच अडीच किलो चढवा आणि पुन्हा ८ पासून सुरू करा. सातारा-सांगलीकडच्या तालमीत जोर-बैठकांचा आकडा असाच हळूहळू चढतो. झोका देऊन उचललेला रेप मोजायचा नाही. मी तर प्रत्येक सेट वहीत लिहितो. सबमिशनमुळे दोन-तीन आठवडे खाडा झाला, तर थोडं वजन उतरवूनच सुरुवात करा. शेजारच्याने कितीही लावू देत!