नाती सांभाळून घर बदलताना

आपल्याकडे घरोघरी एखादा संगणकवाला असतोच, त्याच्यासाठी हे चार शब्द. प्रोग्रॅममधली माहिती डेटाबेसच्या तक्त्यांत ठेवणारं 'हायबरनेट' २००१ साली आलं; 'जेपीए' हे जावाचं प्रमाण २००६ साली. जुन्या एक्सएमएल फायलींतली नाती जेपीएत नेताना आम्ही दोन गोष्टी आधी पाहतो. सभासदाचं कुटुंबाशी असलेलं 'मेनी-टू-वन' नातं हायबरनेट ३ च्या फायलींत मागितल्यावरच उघडतं. जेपीएत न सांगता लगेच. यादी सभासदांची मागवावी, तर कुटुंबंही दारात हजर! म्हणून 'लेझी' स्पष्ट लिहावं. उलट बाजूला 'इन्व्हर्स'च्या जागी 'मॅप्डबाय' हवं. ते राहून गेलं, तर नात्यासाठी वेगळाच जोडतक्ता गृहीत धरला जातो. जुनी माहिती असूनही सापडत नाही. सामान हलवणं सोपं, मंडळी. न बोलता ठरलेलं आधी लिहून काढावं.